कटला मादी अंडी सोडत नाही, ओव्हाप्रिमच्या डोसबद्दल मदत हवी आहे

मामातलाव:
नमस्कार मंडळी. भंडारा जिल्ह्यात आमची माशांची छोटी हॅचरी (अंड्यांतून पिल्लं काढायची जागा) आहे, गोल टाकीची, चायनीज पद्धतीची. रोहू-मृगळाचं झकास चाललंय. संध्याकाळी ओव्हाप्रिम (अंडी सोडायला लावणारं इंजेक्शन) टोचलं की पहाटेपर्यंत टाकीत अंडी. कटला मात्र दाद देत नाही. मादीचं पोट चांगलं टम्म, नर दाबला की पांढरं सोडतो, तरी सकाळी मादी जशीच्या तशी. एखादीने सोडलीच, तर निम्म्याहून जास्त अंडी पांढरी पडतात.

डोस तिन्ही जातींना एकच: मादीला किलोमागे ०.३ मिली, नराला ०.१. पाणी २८ अंश. डोस वाढवू का? न सुटलेल्या मादीला दुसऱ्या दिवशी परत टोचलं तर? शेजारचे काका म्हणतात, कटल्याला जुनं, माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शनच बरं.

गाभोळी:
दादा, ०.३ रोहू-मृगळाला पुरतं, कटल्याला नाही. मादीला ०.४ ते ०.५ द्या, नराला ०.२ ते ०.३. पण त्याआधी मादी पिकलीय का ते बघा, माझा संशय तिथेच आहे. ओव्हाप्रिममध्ये दोन औषधं असतात. एक सामन माशाच्या संप्रेरकाची नक्कल, ते मेंदूखालच्या ग्रंथीला कामाला लावतं. दुसरं डोमपेरिडोन (हो, आपल्याला उलटीवर देतात तेच), ते त्या ग्रंथीला रोखणाऱ्या डोपामिनचा अडसर काढतं. पिकलेली अंडी सुटतात, कच्ची पिकत नाहीत. ते काम उन्हाळ्यातल्या खुराकाचं. कटला पाण्याच्या वरच्या थरातले बारीक जीव खातो, गर्दीच्या तळ्यात त्याच्या वाट्याला कमी येतं. आणि टम्म पोटात कधीकधी नुसती चरबी निघते.

बारीक नळीने चार अंडी काढून बघा. एकसारखी, सुटी असतील तरच टोचा. पोट मऊ आणि मागचं छिद्र लालसर, फुगलेलं हवं.

दुसऱ्या दिवशी परत टोचू नका. आधीच दमलेली मादी हाताळणीनेच जायची. तळ्यात सोडा, नंतर बघू. पांढरी अंडी म्हणजे फळली नाहीत. एका मादीला दोन नर ठेवता ना?

काकांचं म्हणाल तर मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी १९५७ साली ओडिशात ग्रंथीच्या अर्कानेच हे जमवून दाखवलं. १० जुलैचा मत्स्यशेतकरी दिवस त्याचाच. पण त्यात मादीला दोनदा टोचावं लागतं, आधी किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम, सहा तासांनी ५ ते ८. शिवाय ग्रंथी जुनी निघाली तर सगळंच वाया. कटल्यासारख्या नाजूक माशाला एकदाच हात लागलेला बरा.

मामातलाव:
नर एकास एकच ठेवत होतो. नळी मेडिकलमधली चालेल?

गाभोळी:
चालेल, मऊ आणि टोक गुळगुळीत असलेली घ्या. मासा ओल्या फडक्यात धरा, डोळे झाका, तडफड कमी होते.