पदवीनंतर स्पर्धा परीक्षा: आयुष्याची नासाडी की एकमेव उघडे दार?

दुधनाकाठ (परतूर)
काल येथे कोणीतरी लिहिले की मराठवाड्यातील पोरे पदवीनंतर पाच-पाच वर्षे अभ्यासिकेत कुजतात आणि आईबापांनी पैसे पाठवणे थांबवले की आपोआप कामाला लागतील. त्यावर अनेकांनी माना डोलावल्या. मला मात्र ते वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहितो.

बी.ए. झालेल्या मुलापुढे परतूर, सेनगाव किंवा पाटोद्यात दुसरा कोणता मार्ग आहे, याविषयी त्या लेखनात अवाक्षर नाही. 2024-25 मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये जाहीर झाला होता आणि आडतीवर चार हजारांच्या आसपास दर सांगितला जात होता. अशा कोरडवाहू शेतीत तिसरा भाऊ राबवून काय साधणार? खासगी नोकरीला ओळख लागते. भरतीच्या परीक्षेत निदान बापाची ओळख विचारली जात नाही. माझा धाकटा भाऊ औरंगपुऱ्यातील अभ्यासिकेत प्लायवूडच्या अरुंद खणात बसत असे. समोर महाराष्ट्राचा नकाशा, पायाशी गावाहून एसटीने आलेला डबा, आणि दुपारी पंखा बंद पडला की वही हलवत वाचन चालू. आज तो वनरक्षक आहे. त्याची ती वर्षे नासाडीची होती, हे आमच्या आईसमोर येऊन कोणी म्हणून दाखवावे.

वाळूजकर
ते लेखन माझे आहे आणि त्यातील एकही शब्द मी मागे घेत नाही. आपल्या बंधूंचे अभिनंदन. परंतु जो लागला त्याची गोष्ट गावभर होते आणि जे राहिले ते लग्नकार्यातही तोंड दाखवत नाहीत. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 पदांसाठी 10 लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क खुल्या प्रवर्गाला 1,000 रुपये आणि राखीव प्रवर्गाला 900 रुपये होते. म्हणजे एका पदामागे दोनशेहून अधिक घरांनी पैसे भरले. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा पर्यायांवर खुणा करण्यात तरबेज झालेल्या मुलांना उत्तर लिहिण्याचा सराव मुळापासून करावा लागला. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 असल्यामुळे थांबायचे कुठे, हे घरातही कोणी विचारत नाही. मी बी.कॉम. होताच वाळूजला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटलो, रात्री टॅली आणि पुढे जीएसटीचे काम शिकलो, आणि बहिणीचे लग्न स्वतःच्या पगारातून केले.

मानवतची लेक
आपण दोघेही केवळ मुलांविषयी बोलत आहात. मुलीला ना वाळूजची रात्रपाळी करू देतात, ना शहरात खोली घेऊन राहू देतात. तिच्यासाठी घरचे एकच ठरवतात, ते म्हणजे बी.एड. मी बी.एस्सी. करून बी.एड. केले. 2015 पासून तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यानंतर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर शाळांचा पसंतीक्रम. खासगी संस्थेला 'मुलाखतीसह' हा पर्याय असल्याने गुण मिळवूनही शेवटी संस्थेच्या दारात जावेच लागते. आमच्याच जिल्ह्यातील एका संस्थेत वडिलांना आतल्या खोलीत बोलावून जो आकडा सांगितला गेला, तो ऐकून ते परतीच्या वाटेवर एक शब्दही बोलले नाहीत.

बालाघाटी
ताई, सगळ्या संस्थांना एकाच मापाने मोजू नका. मी बीड जिल्ह्यातील एका शाळेच्या कार्यकारिणीवर आहे. पगाराव्यतिरिक्तच्या खर्चासाठीचे सरकारी वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही. छपराचे पत्रे, बाके, वीजबिल यांचा खर्च शेवटी संस्थेलाच करावा लागतो. गावात शाळा काढणारे कोणी नव्हते तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांनी जमीन देऊन ही शाळा उभी केली आहे.

मानवतची लेक
पत्र्यांचा खर्च माझ्या वडिलांनी का सोसावा, हे आपण सांगितले नाही. 2023 मध्ये शिक्षणसेवकाचे, म्हणजे कायम होण्याआधीच्या नव्या शिक्षकाचे, मानधन वाढून माध्यमिकला 18,000 रुपये झाले, आणि तीन वर्षे त्यावरच काढायची असतात. ते मिळवण्यासाठी आधी शेत विकायचे? आपल्या पूर्वजांनी जमीन दिली, त्याबद्दल आदर आहे. परंतु त्या पुण्याईवर पुढच्या पिढीने नोकऱ्यांचा बाजार मांडावा, हे मी मुळीच ऐकून घेणार नाही.

बालाघाटी
आमच्या शाळेने कोणाकडून एक रुपया घेतलेला नाही. 'बाजार' हा शब्द आपण मागे घ्यावा.

मानवतची लेक
घेतला नसेल तर तो शब्द आपल्याला लागू नाही, इतकेच म्हणेन. मागे घेणार नाही.

बालाघाटी
असे प्रकार आमच्या तालुक्यातही चालतात, हे नाकारत नाही. मुलाखतीसाठी बाहेरचा निरीक्षक आणि चित्रीकरण सक्तीचे झाले, तर आमच्या शाळेची हरकत नसेल. याहून अधिक माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका.

दुधनाकाठ (परतूर)
मूळ मुद्द्यावर येतो. वाळूजकरांची एक गोष्ट मनाविरुद्ध मान्य करतो. मुदत न ठरवता बसणे चूक आहे. भावालाही आम्ही तिसऱ्या वर्षी बजावले होते की यंदा नाही झाले तर अर्धवेळ काम धरायचे. मात्र पैसे तोडा म्हणजे पोरे वठणीवर येतील, ही भाषा मला कदापि पटणार नाही. आणि एक विचारतो. आपल्या कारखान्यात जागा निघते, तेव्हा ती आमच्या परतूरच्या बी.ए. झालेल्या पोराला कळते कशी?

वाळूजकर
बहुतेक वेळा कळत नाही. आतल्याच माणसाचा भाचा किंवा पुतण्या येतो. मीही मामाच्या ओळखीनेच लागलो होतो. पुढील महिन्यात स्टोअरमध्ये शिकाऊ जागा निघण्याची शक्यता आहे. निघाली की ठेकेदारामार्फत आहे की कंपनीच्या पटावर, हातात किती पडणार आणि पाळी कोणती, हे सर्व येथे लिहीन. पाच वर्षांचे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

मानवतची लेक
दिवसपाळीची जागा असेल तर तेही स्पष्ट लिहा. मी अर्ज करणार आहे.