विषय: टीव्ही बातम्यांत करिअर: पहिली नोकरी, रील आणि करार

प्रेषक: युवा समिती

नमस्कार मंडळी,
आपल्याकडच्या काही मुलामुलींचं पत्रकारितेचं शिक्षण यंदा संपतंय आणि त्यांना टीव्हीवर अँकर व्हायचंय. अर्ज मात्र सगळे न्यूयॉर्कलाच चाललेत. सुरुवात कुठून करावी, रीलमध्ये, म्हणजे आपल्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या छोट्या व्हिडिओत, काय असावं, करार वाचताना काय पाहावं, हे जाणकारांनी इथेच लिहावं ही विनंती.

---

प्रेषक: प्र. गो.

सुरुवात न्यूयॉर्कला होत नाही. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नीलसन कंपनीने अमेरिकेचे २१० टीव्ही बाजार, म्हणजे प्रेक्षकांचे विभाग, पाडलेत. पहिला न्यूयॉर्क, दुसरा लॉस एंजलिस, शेवटचा माँटानातलं ग्लेनडाइव्ह. नवख्यांनी शंभराच्या पुढच्या बाजारांत अर्ज करावेत, आणि तेही अँकरसाठी नाही, एमएमजेसाठी, म्हणजे मल्टिमीडिया जर्नलिस्टच्या जागेसाठी. बातमी शोधणं, कॅमेरा ट्रायपॉडवर लावून स्वतःच समोर उभं राहणं, मुलाखत, एडिटिंग, वेबसाइटचा मजकूर, संध्याकाळी लाइव्ह: सगळं एकाच माणसाने करायचं. प्रसिद्ध अँकर डेव्हिड म्यूरही असेच चढत गेले: १९९५ मध्ये सिरॅक्यूसला लागले, २००० मध्ये बोस्टनला गेले, २००३ मध्ये एबीसी या देशभरच्या नेटवर्कमध्ये आले आणि 'वर्ल्ड न्यूज टुनाइट'ची रोजची खुर्ची त्यांना २०१४ मध्ये मिळाली.

घाई केली की काय होतं, त्याचं उदाहरण पीटर जेनिंग्ज यांचं. १९६५ मध्ये एबीसीने त्यांना सव्विसाव्या वर्षी मुख्य अँकर केलं. समोर सीबीएस या प्रतिस्पर्धी नेटवर्कवर वॉल्टर क्रॉन्काइट होते, ज्यांनी युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी दुसऱ्या महायुद्धाच्या बातम्या दिल्या होत्या. तीन वर्षांत जेनिंग्ज खुर्चीवरून उठले आणि बातमीदारीकडे वळले. बैरूतला राहिले, १९७२ चं म्युनिक ऑलिंपिकचं ओलीसनाट्य त्यांनी प्रत्यक्ष म्युनिकमधून कव्हर केलं. १९८३ मध्ये ते पुन्हा मुख्य अँकर झाले ते २००५ पर्यंत. मधली वर्षं वाया गेली असं कुणी म्हणू नये. दुसऱ्या खेपेला ते टिकले ते त्याच वर्षांच्या जोरावर.

रील तीन ते पाच मिनिटांची पुरे. आधी मिनिटभर स्टँडअपचे, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलतानाचे, तुकडे, मग सव्वा ते दीड मिनिटाची दोन पूर्ण पॅकेजेस, म्हणजे संपादित बातम्या. सर्वांत चांगला स्टँडअप पहिला लावा, कारण न्यूज डायरेक्टर, म्हणजे स्टेशनचे वृत्तप्रमुख, पहिल्या काही सेकंदांतच पुढे पाहायचं की नाही ते ठरवतात. नुसतं उभं राहून बोलू नका, काहीतरी दाखवा. पाण्याची मुख्य वाहिनी फुटली असेल तर खड्ड्याशी वाका, पाइपची चीर बोटाने दाखवा, मग चालत नळ कोरडे पडलेल्या घरापाशी या.

घात होतो तो आवाजात. लॅपल माइक जॅकेटवर घासला की खरखर येते, आणि हेडफोन न लावता शूट केलं तर ती कळते थेट एडिटिंगला. लाइव्हच्या आधी कानातल्या आयएफबीवर, म्हणजे स्टुडिओचा आवाज देणाऱ्या इअरपीसवर, मिक्स-मायनस (तुमचा स्वतःचा आवाज वगळून बाकीचा आवाज) येतंय ना, ते कंट्रोल रूमला विचारा. नाही तर स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो आणि जीभ अडखळते. स्टेडियमसारख्या गर्दीत मोबाइल नेटवर्क तुंबतं, मग त्याच नेटवर्कवरून चित्र पाठवणारं पाठीवरचं लाइव्ह युनिटही काही करू शकत नाही. अशा वेळी एक रेकॉर्ड केलेली आवृत्ती आधीच स्टेशनला पाठवून ठेवावी.

---

प्रेषक: शु. जो.

काका, आवाजाचं अगदी मोलाचं सांगितलंत. करारावर मी लिहिते, कारण मुलं पगाराचा आकडा बघतात आणि सही करून मोकळी होतात.

पहिला करार बहुधा दोन-तीन वर्षांचा असतो. तीन कलमं नीट वाचा. पहिलं, मुदतीआधी सोडलं तर किती रक्कम भरायची. दुसरं, आउट क्लॉज: मोठ्या बाजारातून किंवा नेटवर्ककडून बोलावणं आलं तर सोडता येतं का? हे कलम सहीआधीच मागायचं, नंतर कुणी देत नाही. तिसरं, नॉन-कंपीट, म्हणजे त्याच शहरातल्या दुसऱ्या स्टेशनात जाण्याला बंदी. कॅलिफोर्नियात नॉन-कंपीट मुळातच चालत नाही. मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय आणि न्यूयॉर्कमध्ये प्रसारण क्षेत्रासाठी त्याविरुद्ध वेगळे कायदे आहेत. बाकी ठिकाणी राज्याचा कायदा तपासा. स्टेशनला मधेच काढता येतं पण तुम्हाला सोडता येत नाही, असा एकतर्फी मसुदाही सर्रास असतो. निदान आगाऊ नोटिशीची मुदत तरी लिहून घ्या. पहिल्या नोकरीला एजंट लागत नाही, पण दोनशे-चारशे डॉलर मोजून कामगार कायद्याच्या वकिलाला मसुदा जरूर दाखवा.

---

प्रेषक: वि. दे.

शुभाताई, एक भर घालतो, भारतातून शिकायला आलेल्यांसाठी. पत्रकारितेच्या पदवीवर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, साधारण बाराच महिन्यांची असते, स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांची) वाढीव मुदत मिळत नाही. दोन वर्षांच्या करारावर सही करण्याआधी एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी अर्ज करणार का, हे स्टेशनकडून लेखी घ्या. आय व्हिसाच्या नादी लागू नका. तो परदेशी माध्यमांच्या प्रतिनिधींसाठी आहे, अमेरिकन स्टेशनात नोकरी करायला चालत नाही.

शिवाय स्टेशनांची शिडी हा एकच रस्ता नाही. मुंबईत जन्मलेले फरीद झकारिया आधी 'फॉरेन अफेअर्स'चे व्यवस्थापकीय संपादक होते, मग 'न्यूजवीक'च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीचे संपादक झाले, आणि सीएनएनवर त्यांचा कार्यक्रम सुरू झाला २००८ मध्ये. ज्यांचा ओढा विश्लेषणाकडे आहे त्यांनी एमएमजेच्या जाहिराती सोडून मासिकांकडे आणि वृत्तसंस्थांकडे अर्ज करावेत. तिथे रील कुणी मागत नाही, छापून आलेले पाच-सहा चांगले लेख मागतात.