मुलांसाठी मोबाईलवर बुद्धिबळाचं अ‍ॅप: ताकद बघून निवडू नका

घोडबंदरकर
कासारवडवलीत आमच्या सोसायटीत सुट्टीत मुलांचा बुद्धिबळाचा गट जमलाय. पालक विचारतात, "सगळ्यात तगडं अ‍ॅप सांगा, पैसे भरतो." माझं मत: ताकद हा निकष कधीच निकालात निघालाय. १९९७ साली जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारं डीप ब्लू हे संगणकयंत्र सेकंदाला पटावरच्या सुमारे २० कोटी स्थिती तपासायचं. २००९ मध्ये एचटीसीच्या फोनवर पॉकेट फ्रिट्झ ४ हे बुद्धिबळाचं अ‍ॅप चाललं आणि सेकंदाला २० हजारांहून कमी स्थिती बघून ब्युनोस आयर्सच्या स्पर्धेत १० पैकी ९.५ गुण मिळवून गेलं! मग आज पैसे कशाला? अँड्रॉइडवर ड्रॉइडफिश फुकट आहे, आत स्टॉकफिश हे तगडं इंजिन, म्हणजे चाली शोधणारा प्रोग्रॅम आहे, नेट लागत नाही. जोडीला लिचेस ही बुद्धिबळाची साइट: जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालतं. एवढं पुरे.

वाशीचा वजीर
अजिबात पुरे नाही. ड्रॉइडफिश दहा वर्षांच्या मुलीच्या हातात द्या. पटाखाली चालींची रांग, शेजारी +१.८३ असा, कोण किती वरचढ ते सांगणारा आकडा. यातून तिला काय कळणार? चेस.कॉम या साइटचा गेम रिव्ह्यू, म्हणजे डावानंतरचा आढावा, निदान शब्दांत सांगतो, की उंटाला जोर (दुसऱ्या मोहऱ्याचा आधार) नव्हता म्हणून तो गेला. फुकट खात्यात त्याला मर्यादा आहे, मान्य. पण क्लासची फी बिनतक्रार भरतो, तिथे सभासदत्व जड का वाटावं?

घोडबंदरकर
दादा, जोर नव्हता हे तिला स्वतः सापडायला हवं. अ‍ॅपनं सांगितलं की ती पुढचं बटण दाबून मोकळी होते. लिचेसवर चुकलेल्या जागी परत नेऊन "आता बरी चाल शोध" म्हणायची सोय आहे, तीही फुकट.

ऐरोलीतलं प्यादं
तुम्ही दोघं विश्लेषणावर भांडताय. मुलं विश्लेषण करत नाहीत हो, खेळतात! आणि खेळायला स्टॉकफिश वाईट जोडीदार आहे. पातळी खाली आणली की दहा चाली उस्तादासारख्या खेळतो, मग कारण नसताना हत्ती फुकट देतो. माणूस असा चुकत नाही. माणूस हल्ल्याच्या नादात मागचा घोडा विसरतो, आणि तेच पकडायला शिकायचं असतं. त्यासाठी माया हे इंजिन बघा. संशोधकांनी ते लिचेसवरच्या माणसांच्या डावांवर शिकवलं, सर्वोत्तम चाल शोधायला नाही, तर ठरावीक रेटिंगचा, म्हणजे खेळाच्या पातळीच्या आकड्याचा, माणूस काय खेळेल ते ओळखायला. ११०० ते १९०० रेटिंगच्या आवृत्त्या आहेत. लिचेसवर मायाशी डाव मांडता येतो.

वाशीचा वजीर
त्याला नेट लागतं ना? गावी गेल्यावर काय?

ऐरोलीतलं प्यादं
लागतं. तिथे ड्रॉइडफिश ठेवा, त्याला माझी ना नाही. एकच अ‍ॅप हवं हा हट्ट कशाला?

नेरुळची मावशी
मी मुलांना शिकवते. अ‍ॅप कुठलंही घ्या, डाव चालू असताना इंजिनचं मूल्यमापन बंद ठेवा. कोण वरचढ ते दाखवणारी पट्टी वरखाली होताना दिसली की मुलं पटाकडे बघतच नाहीत. आणि वजीरदादा, तुमचा रिव्ह्यू मीही वापरते, पण मुलीनं आधी खऱ्या पटावर डाव परत मांडून स्वतःची चूक दाखवल्यावरच.

वाशीचा वजीर
ताई, संध्याकाळी साडेआठला कामावरून परतलेल्या आईबापांना तेवढा वेळ कुठून आणायचा? मी पैसे भरा म्हणतो ते त्यांच्यासाठी.