जॉर्जेट हेयरबाई आणि घरखर्च

इंग्लिश कादंबरीकार जॉर्जेट हेयरबाईंनी पहिली गोष्ट सतराव्या वर्षी आजारी भावाचं मन रमवायला रचली, हे बरोबरच. पण त्यावरून "नवरा बॅरिस्टर, खाऊनपिऊन सुखी घर, लेखन म्हणजे हौस" असा जो सूर काही जण लावतात तो पटत नाही. लग्न १९२५ सालचं. त्याच्या दोनच महिने आधी वडील हृदयविकाराने अचानक गेले, मागे पेन्शन नाही, दोन धाकट्या भावांची जबाबदारी बाईंवर. नवरा रोनाल्ड रूजियर तेव्हा खाणीतला इंजिनियर. त्याच्या नोकरीपायी बाई आफ्रिकेतल्या टांगानिकात (आताच्या टांझानियात) हत्तीगवताच्या झोपडीत राहिल्या आणि तिथेही लिहीत होत्या! पुढे त्याने खाणकाम सोडलं, इंग्लंडमधल्या हॉर्शमला खेळाच्या सामानाचं दुकान चालवलं, मग वकिलीचा अभ्यास धरला. सनद मिळाली थेट १९३९ मध्ये. म्हणजे बॅरिस्टरसाहेबांच्या जिवावर लेखन नव्हे, लेखनाच्या जिवावर बॅरिस्टरसाहेब.

त्या काळात वर्षाला साधारण एक प्रणयकादंबरी आणि एक रहस्यकथा असा रतीबच चालू होता. गंमत म्हणजे रहस्यकथांची कथानकं बरेचदा नवराच पुरवायचा, तीही "अ ने हे केलं, ब ने ते केलं" एवढ्याच भाषेत. त्या अ-ब ला नाव, स्वभाव आणि तिरकस संवाद द्यायचं काम बाईंचं.