प्रोसेसर साधा चालेल, पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. पटतंय का?

फ्रेमवाला: गेमिंग पीसी बांधणाऱ्या पोरांना माझं सांगणं एकच, बजेट ठरलेलं असतं, त्यात दुकानदार आय७ प्रोसेसर गळ्यात मारतो, मग कार्डाला पैसे उरत नाहीत आणि पोरगं सायबरपंकसारखा जड गेम लो सेटिंगवर खेळत बसतं. त्यापेक्षा आय५ १२४००एफ नाहीतर रायझन ५ ५६०० घ्या, दोन्ही ६ कोर १२ थ्रेड (एकावेळी १२ कामं हाताळणारे), आणि वाचलेले सगळे पैसे कार्डात. चित्र कार्ड काढतं, प्रोसेसर नाही.

रात्रपाळी: अजिबात नाही पटलं. कुठला गेम खेळतो ते आधी विचारायचं ना! व्हॅलोरंट, सीएस२ असले ऑनलाइन स्पर्धेचे शूटिंग गेम खेळणाऱ्याचं कार्ड १०८०पी (फुल एचडी) वर बऱ्याचदा रिकामं बसतं, फ्रेम (स्क्रीनवर येणारी चित्रं) अडतात प्रोसेसरपाशी. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला (सेकंदाला १४४ फ्रेम) एका फ्रेमला जेमतेम ७ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली सगळं हिशोबून कार्डाला काम द्यायचं ते प्रोसेसरनेच. रायझन ७ ५८००एक्स३डी गेमिंगला एवढा गाजला तो ९६ एमबी एल३ कॅशमुळे (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी), कोर वाढवून नाही.

फ्रेमवाला: ईस्पोर्ट्सचं, म्हणजे असल्या स्पर्धेच्या गेमचं, मान्य. पण ज्याला स्टोरीवाले गेम हाय सेटिंगवर ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) खेळायचेत त्याने कॅशसाठी का पैसे मोजायचे?

सांगलीकर: दादा मी रायझन ५ ५५०० आणि आरटीएक्स ४०६० कार्ड बघतोय, एका बॉटलनेक कॅल्क्युलेटरने (प्रोसेसर आणि कार्डाची जोडी जमते का सांगणारी साइट) लाल दाखवलं, काय करू?

जुना_कॅबिनेट: तो कॅल्क्युलेटर सोड, तुझा गेम आणि सेटिंग त्याला कुठं माहितीय. पण ५५०० नको. नाव शेजारचं वाटतं, पण ५६०० ला एल३ कॅश ३२ एमबी आणि ह्याला १६, वर हा पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता) ३.० वरच थांबतो, ४.० नाही. ४०६० ला ह्या रस्त्याच्या लेनच ८, म्हणजे ३.० वर बँडविड्थ ४.० च्या निम्मी, आणि ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरली की कार्ड रॅममधून डेटा ओढायला लागतं, तिथे झटके बसतात. मदरबोर्ड पण बी५५० बघ, बी४५० वर ५६०० लावला तरी ३.० च मिळणार. आणि काय अडतंय ते स्वतः तपासता येतं, रेझोल्यूशन खाली आण, एफपीएस वाढले तर कार्ड अडत होतं, हलले नाहीत तर प्रोसेसर.

रात्रपाळी: @फ्रेमवाला हेच म्हणतोय मी, "साधा चालेल" म्हणत म्हणत पोरं ५५०० वर येऊन थांबतात. सरासरी एफपीएस बघून खूश होऊ नका, १ टक्का लो (सगळ्यात मंद १ टक्का फ्रेमचा एफपीएस) बघा, हात तिथे अडखळतो.

फ्रेमवाला: ५५०० मी सांगितलाच नाही, वर ५६०० लिहिलंय. त्याच्या खाली जाऊ नका हे लिहायला हवं होतं म्हणत असशील तर ठीक, पण वर जायची गरज अजून तू दाखवली नाहीस.

रात्रपाळी: एएम४ ला (५६०० चं सॉकेट) आता पुढे काय आहे? रायझन ५ ७६०० घेतला तर त्याच्या एएम५ सॉकेटवर नंतर नुसता प्रोसेसर बदलता येईल.

फ्रेमवाला: आणि डीडीआर५ रॅम, नवा बोर्ड? तेवढ्यात कार्ड एक पायरी खाली येतं. आज खेळायचंय त्याने आज कार्ड घ्यावं.

सांगलीकर: मी जास्त करून स्टोरी गेम, अधूनमधून व्हॅलोरंट. मॉनिटर ७५ हर्ट्झ.

जुना_कॅबिनेट: मग ५६०० आणि बी५५०, बिनधास्त. फक्त रॅम १६ ची एकच स्टिक घेऊ नको, ८-८ च्या दोन लाव, ड्युअल चॅनेल मिळेल (दोन्ही स्टिकमधून एकदम डेटा). बायोसमध्ये (मदरबोर्डची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण स्पीड देणारी सेटिंग, चालू केलं का ते बघ, नाहीतर रॅम कमी स्पीडवरच चालत राहते.