वैमानिकाकडे पिस्तूल असावं का?

धूमकेतू
अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यानंतर प्रवासी विमानांच्या वैमानिकांना पिस्तूल बाळगायची मुभा मिळाली. पण कॉकपिटचं दार आता आतून बंद असतं, गोळीलाही दाद देत नाही. मग पिस्तूल कशाला? आणि हवेत गोळी सुटून भोक पडलं तर?

अडसर
आधी भोकाचं. ३५,००० फुटांवर आतल्या-बाहेरच्या दाबात चौरस इंचाला साधारण ८ पौंडांचा फरक असतो. केबिनमध्ये हवा सतत भरली जाते आणि आउटफ्लो व्हॉल्व्हमधून सोडली जाते. गोळीच्या भोकातून थोडी हवा गेली, तर व्हॉल्व्ह तेवढा मिटतो. एवढ्याशा भोकातून माणसं बाहेर खेचली जातात ती सिनेमात. खरी धास्ती गोळी वायरिंगमध्ये, उपकरणांत किंवा शेजारच्या वैमानिकात घुसण्याची.

हवेत गोळी सुटण्याचं एकदा झालंही आहे. २२ मार्च २००८, डेन्व्हरहून शार्लटला निघालेलं यूएस एअरवेजचं ए३१९ विमान, उतरण्याच्या तयारीत. कॉकपिटमध्ये पिस्तुलातून गोळी सुटली आणि डावीकडून आरपार गेली. विमान सुखरूप उतरलं.

तेव्हाच्या होल्स्टरला (पिस्तुलाच्या म्यानाला) कुलूप होतं आणि त्याची कडी ट्रिगर गार्डमधून, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या वळ्यातून जायची. पिस्तूल पूर्ण आत बसलेलं असेल तर कडी ट्रिगरच्या मागे येते, ट्रिगर दाबलाच जात नाही. अर्धवट बसलं असेल तर तीच कडी ट्रिगरच्या पुढे येते. मग पिस्तूल आत ढकललं की ट्रिगर कडीवर दाबला जातो. होल्स्टरमध्ये हे वरून दिसतही नाही. सुरक्षेसाठी लावलेलं कुलूपच बोट झालं!

रात्रपाळी
दार भक्कम आहे, पण ते उघडावं लागतं: स्वच्छतागृहासाठी, जेवणासाठी. तेवढे काही सेकंद कच्चे. त्या वेळी केबिन क्रू सहसा वाटेत ट्रॉली आडवी लावतात. नव्याने बनणाऱ्या प्रवासी विमानांत दाराबाहेर, केबिनच्या बाजूला दुसरा अडथळा हवा, असा अमेरिकी नियम २०२३ मध्ये झाला. माझं मत विचाराल तर आधी तो बसवा, पिस्तुलाचं नंतर बघू.

कारण वैमानिक पट्टा बांधून, दाराकडे पाठ करून बसलेला असतो. पट्टा सोडायचा, अरुंद जागेत वळायचं, नेम धरायचा, आणि विमान तोवर दुसऱ्याने सांभाळायचं. शिवाय धोका आतच असेल तर? २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने कॅप्टनला बाहेर ठेवून दार लावलं आणि विमान डोंगरावर नेलं. दाराने आपलं काम चोख केलं, फक्त चुकीच्या माणसासाठी.

अडसर
मान्य, पण मालवाहू विमानांचं काय? कित्येकांत तसं दारच नसतं. १९९४ मध्ये फेडएक्सच्या ७०५ फ्लाइटवर जंपसीटवरून (कॉकपिटजवळच्या जादा खुर्चीवरून) निघालेल्या कंपनीच्याच कर्मचाऱ्याने क्रूवर हातोड्यांनी हल्ला केला. तिघेही जबर जखमी झाले, तरी त्यांनी झटापट करत विमान उतरवलं. तिथे पिस्तुलाला अर्थ आहे. पिस्तुलाची मुभा देणाऱ्या २००२ च्या कायद्यात मालवाहू वैमानिक वगळले होते, पुढच्याच वर्षी त्यांना घेतलं.

धूमकेतू
म्हणजे केबिनमध्ये मारामारी झाली तर वैमानिक पिस्तूल घेऊन बाहेर येणार?

रात्रपाळी
नाही. अधिकार कॉकपिटच्या रक्षणापुरताच. केबिनमध्ये काहीही चालू असो, दार लावून ठेवायचं आणि जवळच्या विमानतळावर उतरायचं.