निरोगी अवयव काढण्याचा प्रश्न

कर्करोग होईल या केवळ भीतीपोटी निरोगी अवयव काढणे हा अतिरेक आहे, असे मत काही जण मांडतात. मात्र असे अवयव काढण्याचा सल्ला ज्यांना दिला जातो त्यांचा धोका किती असतो, हे आधी पाहायला हवे. बीआरसीए१ जनुकात घातक बदल असलेल्या स्त्रीला आयुष्यभरात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या पुढे असते. तरी स्तन काढण्याऐवजी नियमित एमआरआय तपासणी हा खरा पर्याय आहे. अशा स्त्रियांना अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही जास्त असतो, पण त्यासाठी तशी भरवशाची तपासणी नाही; सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करूनही तो बहुधा पसरल्यावरच हाती लागतो, आणि म्हणूनच अशा स्त्रियांना मुले झाल्यानंतर, साधारण ३५ ते ४० या वयात, अंडाशय व बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला देतात.

त्याची किंमत मोठी आहे. रजोनिवृत्ती एकाएकी येते, अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. याविषयी शस्त्रक्रियेआधी सविस्तर बोलणे हा त्या स्त्रीचा हक्कच आहे, असे मी मानतो. स्तन काढल्यावरही त्वचेखाली थोडी ऊती उरते, त्यामुळे धोका पुष्कळ घटला तरी शून्य होत नाही. याउलट, मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप (आतल्या अस्तरावरच्या लहान गाठी) उगवणाऱ्या आनुवंशिक विकारात आतडे न काढल्यास कर्करोग जवळपास अटळ असतो. तेथे शस्त्रक्रिया केव्हा करायची, एवढेच ठरवायचे उरते.